झिमर परत तेच वाजवणार का?

हॉलिवूडचा संगीतकार हान्स झिमर ह्याचा नवीन सिनेमा जाहीर झाला की आमच्या स्कोअरवेड्या (स्कोअर म्हणजे सिनेमाचं पार्श्वसंगीत) मंडळींत पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "झालं, परत ब्रॅम." ब्रॅम म्हणजे दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनच्या ‘इन्सेप्शन’मधला तो अंगावर येणारा भोंगा, ब्रासवाले (तुतारीसारखी पितळी वाद्यं वाजवणारे) एकदम खालच्या पट्टीत जाऊन जो आवाज काढतात आणि थिएटरची खुर्ची थरथरते तो. २०१० नंतर बरीच वर्षं जो येईल तो ट्रेलर असाच भोंगा वाजवायचा, अगदी वीट आला होता. गंमत म्हणजे ‘इन्सेप्शन’च्या ज्या ट्रेलरच्या म्युझिकने सगळ्यांना याड लावलं ते ‘माइंड हाइस्ट’ झिमरचं नाहीच, झॅक हेम्सीचं आहे, आणि तरी आजही भांडताना लोक तेच झिमरच्या नावावर खपवतात.

त्याहून मोठी गंमत अशी की सिनेमातला जो खराखुरा ब्रॅम आहे तोसुद्धा "नवीन" नाहीये. एदित पियाफचं १९६० मधलं गाणं आहे, ‘नॉन, जे न रेग्रेत रियां’, सिनेमात स्वप्नातून जागं करायला तेच गाणं वाजवतात. स्वप्नात खाली खाली जाल तसा वेळ संथ होतो, म्हणून झिमरने त्या गाण्याच्या सुरुवातीचा ठोकाच ताणून ताणून संथ केला आणि त्यातून ते राक्षसी ब्रास उभं केलं. म्हणजे ज्या आवाजाने पुढची कित्येक वर्षं सगळ्यांना नकला करायला लावल्या तो मुळात एका फ्रेंच गाण्याची सावली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लगेच दोन्ही एकामागोमाग लावून ऐकलं आणि मग त्या दिवशी दुसरं काही कामच झालं नाही.

तर सध्या चर्चा जोरात आहे कारण दोन मोठ्ठ्या गोष्टी एकदम येतायत. ‘ड्यून’चा तिसरा भाग, १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झालीये. आणि त्याच्या आधी, २०२६ च्या दिवाळीत, नितेश तिवारींच्या ‘रामायण’चा पहिला भाग, ज्यात झिमर आणि ए. आर. रेहमान दोघं एकत्र आहेत. दोन महिन्यांच्या आत दोन महाकाव्यं, एक वाळवंटातलं परग्रहावरचं आणि एक आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं. त्यामुळे फॅन लोकांचे दोन तट पडलेत. एक म्हणतो झिमर आता थकलाय, तोच तोच आहे. दुसरा म्हणतो झिमर आता फार प्रयोग करतो, जुन्या ‘ग्लॅडिएटर’सारखी छान धून का देत नाही. आणि खरं सांगायचं तर हे दोन तट नाहीतच, बरेचदा एकच माणूस एकाच संध्याकाळी दोन्ही म्हणतो. माझा एक मित्र आहे, तो पहिला चहा होईपर्यंत "ह्याला नवीन काही सुचत नाही" म्हणतो आणि दुसऱ्या चहाला "पूर्वीसारखं करत नाही आता" म्हणतो, आणि त्यात त्याला काही विसंगती वाटत नाही.

मला वाटतं हा सगळा घोळ "जुनं वापरलं" म्हणजे नक्की काय ह्यावर कोणी नीट बोलत नाही म्हणून होतो. कारण जुनं वापरणं दोन प्रकारचं असतं आणि ते दोन्ही एकाच पारड्यात टाकून आपण शिव्या देतो.

पहिला प्रकार. ‘ग्लॅडिएटर’, २०००. त्यात लढाईच्या सीनला एक वॉल्ट्झसारखी झुलती, तीन ठोक्यांची धून आहे. आता ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’, २००३, ती सगळ्यांच्या रिंगटोनवर असलेली चाल आठवा आणि दोन्ही पाठोपाठ ऐका. सख्खी भावंडं आहेत. ‘पायरेट्स’ची कथा तशी वेगळीच आहे म्हणा, संगीत आधी अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्री करणार होता, तो बाहेर पडला, वेळ अगदीच थोडा उरला, झिमर ‘द लास्ट समुराय’मध्ये अडकलेला, मग त्याने झटपट थीम्स लिहिल्या, श्रेय गेलं क्लाउस बाडेल्टला आणि आतलं काम झिमरच्या कंपनीतल्या डझनभर तरी लोकांनी वाटून घेतलं. अशा धावपळीत हाताला जे सवयीचं आहे तेच बाहेर येणार, कोणाचंही येईल. पण रोमन सैनिकाचा आणि दारुड्या चाच्याचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्यामुळे ते साम्य ऐकून आपल्या मनात काहीच उमटत नाही, फक्त "अरे हे कुठंतरी ऐकलंय" एवढंच. ह्याला सवय म्हणा, घाई म्हणा. ह्यावर टीका झाली तर मी झिमरची बाजू घेत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे त्याच गोष्टीत तीच धून परत येणं, आणि परत येताना ती बदललेली असणं. ही मात्र सिनेमाच्या संगीताकडे असलेली सगळ्यात मोठी ताकद आहे, आणि दुर्दैवाने ह्याच प्रकाराला शिक्षा होते.

शिक्षा म्हणजे अक्षरशः शिक्षा. पहिल्या ‘ड्यून’ला झिमरला ऑस्कर मिळालं, २०२२ मध्ये (तो तेव्हा टूरवर होता, अ‍ॅमस्टरडॅमच्या हॉटेलात, बाथरोबवर, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय). दुसऱ्या भागाचा स्कोअर माझ्या मते पहिल्यापेक्षा सरस, पण ऑस्करच्या स्पर्धेतच बसला नाही. अपात्र. कारण त्यात पहिल्या भागातलं संगीत जास्त आहे. ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचा नियम असा की साध्या सिनेमात एकूण संगीतापैकी ३५ टक्के ओरिजिनल स्कोअर असला तरी चालतो, पण सीक्वेल किंवा फ्रँचायझी असेल तर ८० टक्के संगीत नवीन पाहिजे. आता मला सांगा, पहिला आणि दुसरा ‘ड्यून’ म्हणजे मुळात एकाच कादंबरीचे दोन तुकडे. दुसरा सिनेमा पहिला संपला तिथूनच सुरू होतो, तीच माणसं, तीच वाळू, तोच नायक पॉल. मध्यंतरानंतर सगळ्या थीम्स बदला असं कोणी कुठल्या संगीतकाराला सांगेल का?

नियमाचा हा तिढा तसा जुना आहे. १९७२ च्या ‘गॉडफादर’ला संगीतकार नीनो रोताचं ऑस्कर नामांकन जाहीर झालं आणि मग काढून घेतलं, कारण त्यातली प्रेमाची धून त्याने आधी ‘फोर्तुनेल्ला’ नावाच्या इटालियन सिनेमात वापरली होती. ठीक. मग दोन वर्षांनी ‘गॉडफादर’चा दुसरा भाग आला, त्यातही तीच धून आहे, आणि त्याला ऑस्कर मिळालं! संगीतकार हावर्ड शोरचं बघा, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागाला ऑस्कर, तिसऱ्याला ऑस्कर, मधल्याला साधं नामांकनसुद्धा नाही. तिन्ही मिळून एकच सलग रचना आहे हे ज्याने ती ऐकलीये त्याला सांगायची गरज नाही. तेव्हा बक्षिसांवरून स्कोअरची लायकी ठरवणं मी केव्हाच सोडून दिलंय, पण ह्या नियमामागे जी समजूत आहे ती फॅन लोकांच्या डोक्यातही बसलीये ह्याचं वाईट वाटतं. नवीन म्हणजे चांगलं, जुनं म्हणजे आळस.

‘ड्यून’चा दुसरा भाग म्हणून जरा जवळून बघूया. त्यात खरोखर नवीन असलेली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे पॉल आणि त्याची प्रेयसी चानी ह्यांची धून, ‘अ टाइम ऑफ क्वाएट बिटवीन द स्टॉर्म्स’. मुख्य आवाज दुदुकचा, पेद्रो युस्टाशने वाजवलेला. दुदुक हे जर्दाळूच्या लाकडाचं आर्मेनियन वाद्य, रीड (फुंकायची पत्ती) भलीमोठी, त्यामुळे सूर लागताना आधी श्वास ऐकू येतो आणि मग स्वर. तो श्वास मिक्समध्ये मुद्दाम ठेवलाय. पहिल्यांदा ती धून येते तेव्हा दोघं वाळूच्या टेकडीवर असतात, आजूबाजूला काही नाही, आणि चाल अशी की वर चढायला जाते आणि पूर्ण न चढताच खाली येते, परत जाते, परत येते. प्रेमाची धून म्हणून पहिल्या ऐकण्यात छान वाटते, पण ती सुखाची नाहीये हे तेव्हाच सांगून टाकलेलं असतं. मग अख्खा सिनेमा होतो, पॉल सत्ता घेतो, दुसरीशी लग्नाचं बोलतो, आणि शेवटाला चानी एकटी वाळवंटात निघून जाते तेव्हा तीच धून परत येते. चाल तीच. पण आता आपल्याला पुढचं माहीत आहे, म्हणून तीच चाल ऐकवत नाही. ह्यासाठी जुनीच धून लागते, इथे नवीन लिहिली असती तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

आता तिसऱ्या भागाकडून मला काय हवंय ते तुमच्या लक्षात आलं असेल. मला नवीन आवाज नकोत असं नाही, पण माझा कान लागलाय तो ह्या धुनीकडे. तिचं आता काय करणार तो? मूळ कादंबऱ्या वाचलेल्यांना माहीत आहे की पॉलची गोष्ट चांगल्या वळणाने जात नाही. मग दुदुक काढून ती दुसऱ्या वाद्याला देणार? गायिका लॉइर कॉटलरच्या आवाजात घालणार? पहिल्या भागातला तिचा तो किंकाळीसारखा आवाज आठवा, ना भाषा ना शब्द, तरी युद्धाची हाक वाटते ती. का धून अर्धीच वाजवून सोडून देणार? आमच्यातली एक मैत्रीण म्हणते की तो ती अजिबात वापरणार नाही आणि न वापरणं हेच जास्त दुखेल. मला ही शक्यता आवडत नाही पण डोक्यातून जातही नाहीये. आणि हो, हे सगळं केलं तर तो परत ८० टक्क्यांच्या नियमात अडकणार. अडकू दे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, पहिल्या भागात नवीन आवाज शोधायची त्याची धडपड खोटी नव्हती. इतक्या दूरच्या भविष्यात, दुसऱ्या ग्रहावर, आपल्याकडची युरोपियन ऑर्केस्ट्रा का वाजावी, हा त्याचा प्रश्न होता आणि तो मला पटतो. म्हणून मग वाद्यंच बनवली, युस्टाशने स्वतः खर्जातला दुदुक तयार केला, लांबलचक शिंग बनवलं, स्कॉटलंडमध्ये बॅगपाइपवाले जमवून रेकॉर्डिंग केलं, आणि लॉकडाउन असल्यामुळे बाकीचे कलाकार आपापल्या घरी बसून तुकडे पाठवत होते. त्यासाठी झिमरने नोलनचा ‘टेनेट’ सोडला, तरुणपणापासून ‘ड्यून’ मनात घेऊन बसला होता म्हणून. ‘टेनेट’ संगीतकार लुडविग योरान्सनकडे गेला, आणि मग ‘ओपनहायमर’ही, आणि त्याला त्याचं ऑस्करही मिळालं, म्हणजे एका नकाराने दोन माणसांची पुढची वाट बदलली. नोलन-झिमर जोडी फुटली म्हणून हळहळणारे फॅन अजूनही आहेत. मी त्यात नाही. दोघांचंही भलं झालं.

पण ह्या जोडीचा विषय निघालाच आहे तर ‘इंटरस्टेलर’शिवाय पुढे जाता येणार नाही, कारण फॅन लोक नवीन स्कोअर कशाशी तोलतात तर ह्याच्याशी. त्याची जन्मकथा प्रसिद्ध आहे. नोलनने सिनेमाबद्दल काहीच न सांगता एक टाइप केलेलं पान दिलं, अवकाश नाही, रॉकेट नाही, फक्त बाप आणि मूल ह्यांच्याबद्दल. झिमरने एका दिवसात चार मिनिटांचा छोटासा तुकडा लिहिला, नोलन येऊन ऐकून गेला आणि मग कुठे त्याने सांगितलं की हा अवकाशावरचा भव्य सिनेमा आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या सिनेमाच्या पोटात ते घरगुती, खाजगी काहीतरी आधीच शिरलेलं होतं. मग लंडनच्या टेंपल चर्चमधला पाइप ऑर्गन, वाजवणारे रॉजर सेयर. तेव्हा काय बोंब झाली होती आठवतंय का, ऑर्गनमुळे डायलॉग ऐकू येत नाहीत म्हणून? आज तेच लोक "‘इंटरस्टेलर’सारखं परत कधी करणार" म्हणून मागे लागलेत.

त्यातला ‘माउंटन्स’ ट्रॅक म्हणजे तर फॅन लोकांची पंढरीच. पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, आणि त्या सीनला मागे टिक टिक ऐकू येते, दर सव्वा सेकंदाला एक. फॅन लोकांचं म्हणणं की प्रत्येक टिकटिकीला पृथ्वीवर एक दिवस जातो. हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. सात वर्षांचे तास होतात साधारण ६१ हजार ३६०, म्हणजे तिथला एक सेकंद इथले ६१ हजार सेकंद, सव्वा सेकंदाचे झाले साधारण ७६ हजार ७००, म्हणजे २१ तास आणि वर थोडी मिनिटं. पूर्ण दिवसासाठी टिकटिक १.४ सेकंदाला हवी. तीन तास कमी पडतायत! हे मी सांगितलं तर मित्र म्हणाला, "अगं, तू कशाला मोजलंस, आता मला दर वेळी ते तीन तास ऐकू येणार." पण मला उलट वाटलं. हिशोब बरोबर जुळला असता तर ते कोडं झालं असतं, आता ते संगीत आहे, सव्वा सेकंद म्हणजे मिनिटाला ४८ ठोके, जरा संथ, जरा भीतीदायक, बस. कोणीतरी कानाने ठरवलेला वेग वाटतो तो.

आणि ‘नो टाइम फॉर कॉशन’. सिनेमातला सगळ्यात गाजलेला सीन, गरगर फिरणाऱ्या यानाला दुसरं यान जोडायचंय, ऑर्गन तोच एक आकृतिबंध फिरवतोय, प्रत्येक फेरीला एकेक थर चढतोय, आणि आपण श्वास धरून बसलोय. थिएटरमधून बाहेर पडून प्रत्येकाने पहिली गोष्ट काय केली असेल तर तो ट्रॅक शोधला. आणि साध्या अल्बममध्ये तो नव्हताच! अख्ख्या सिनेमाचा कळस, आणि अल्बममधून गायब. वेगवेगळ्या आवृत्त्या, बोनस डाउनलोड, डीलक्स, आणि मग काही वर्षांनी २०२० मध्ये वाढीव आवृत्ती. साउंडट्रॅक गोळा करणाऱ्यांच्या नशिबी हे कायमच असतं, सिनेमात वाजलेलं अल्बमवर नसतं आणि अल्बमवर असलेलं सिनेमात कापलेलं असतं. त्यामुळे "स्कोअर कसा आहे" ह्या प्रश्नाला आधी "कुठला, सिनेमातला का अल्बमवरचा" हा उलट प्रश्न विचारावा लागतो, आणि अर्ध्या भांडणांचं मूळ इथेच असतं.

अल्बम सिनेमाच्या आधी ऐकायचा का नंतर, हा आमच्यातला आणखी एक न मिटणारा वाद. ‘ड्यून’च्या वेळी जुलै २०२१ मध्ये दोन तुकडे आले, सप्टेंबरच्या सुरुवातीला ‘स्केचबुक’ आलं, मग मुख्य साउंडट्रॅक, मग तिसरा अल्बम. म्हणजे सिनेमा बघायच्या आधी लोकांनी तासन् तास ते ऐकून त्यावर प्रबंध लिहिले होते. काही जणांना हे पाप वाटतं. १९९९ च्या ‘फँटम मेनेस’ ह्या ‘स्टार वॉर्स’ सिनेमाचं उदाहरण मग हमखास येतं, संगीतकार जॉन विल्यम्सचा अल्बम सिनेमाच्या आधी दोनेक आठवडे दुकानात आला आणि मागच्या कव्हरवर ट्रॅकचं नाव काय, तर क्वाय-गॉनचा, म्हणजे सिनेमातल्या एका मुख्य पात्राचा, उदात्त अंत. पुढे त्याच्या अंत्यसंस्काराचाही ट्रॅक. ज्याने सीडी उलटी केली त्याचा सिनेमा तिथेच संपला. तरीही मी आधी ऐकणाऱ्यांतली आहे. फक्त ट्रॅकची नावं वाचत नाही, फोन उलटा ठेवते. ‘स्केचबुक’ तर मला खास आवडतं, कारण त्यात चित्राला जागा करून द्यायची घाई नाही, एकेक कल्पना आठ-दहा मिनिटं स्वतःशीच खेळत बसते, आणि मग सिनेमा बघताना कळतं की ह्यातलं काय घेतलं आणि काय टाकलं. टाकलेल्याची यादीच जास्त शिकवते. सगळ्यांना पटेल असं नाही.

संगीतकार स्वतः काय म्हणतो ह्यावर मात्र फार विसंबू नये. २०१६ मध्ये झिमरने जाहीर सांगितलं की सुपरहिरो सिनेमे बंद, आणि २०१९ मध्ये ‘डार्क फीनिक्स’. विल्यम्सने २०२२ मध्ये सुचवलं की ‘इंडियाना जोन्स’ हा बहुधा शेवटचा, आणि सहा-सात महिन्यांत तो शब्द मागे घेतला, नव्वदी पार केलेली असताना. ह्या लोकांना थांबता येत नाही, आणि आपल्यालाही तेच हवं असतं.

आता ‘रामायण’. २०२५ च्या जुलैत घोषणा झाली आणि दोन नावं एका पडद्यावर आली तेव्हा आमच्यात जो गोंधळ उडाला तो विचारू नका. पहिला प्रश्न, कोण काय करणार? गाणी रेहमान आणि बॅकग्राउंड झिमर, अशी सरळ वाटणी बहुतेकांनी मनातल्या मनात करून टाकली. मला ती वाटणी कमीपणाची वाटते, दोघांच्याही. रेहमान नुसता गाण्यांचा माणूस नाहीये, ‘बॉम्बे’ची ती शब्दांशिवायची थीम ऐकलेला कोणीही हे मान्य करेल. आणि झिमर एकट्याने काम करणारा माणूस नाहीच, सँटा मोनिकाचा त्याचा स्टुडिओ म्हणजे संगीतकारांचा कारखाना, त्याच्या अल्बमवर बारीक अक्षरात "अ‍ॅडिशनल म्युझिक" खाली नावांची रांग असते. काही फॅन ह्यावरून त्याला नावं ठेवतात, मला ह्यात लपवाछपवी दिसत नाही, नावं छापलेली आहेत, वाचायचे कष्ट घ्या. उलट दुसऱ्याच्या कल्पनेत आपली मिसळायची सवय असलेला माणूस रेहमानबरोबर जास्त चांगला बसेल असं मला वाटतं.

पण खरा पेच वेगळाच आहे. ‘ड्यून’मध्ये झिमरपुढे स्वतःच्याच जुन्या धुनी आहेत. ‘रामायण’मध्ये त्याची एकही धून नाही, कोरी पाटी, ८० टक्क्यांचा नियमसुद्धा लागू नाही. आणि तरीही ऐकणाऱ्याच्या कानात सगळं आधीच वाजतंय. १९८७ च्या मालिकेचं रवींद्र जैन ह्यांचं संगीत एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की धनुष्य उचललं तरी मागे त्यांचाच आवाज ऐकू येतो. शिवाय घराघरात ऐकलेल्या चाली, भजनं, आरत्या, त्या तर कोणाच्याच मालकीच्या नाहीत. झिमरला हे सगळं ऐकू येत नसणार, तो त्यात वाढलेला नाही. रेहमानला येणार. म्हणून मला दोघांची वाटणी गाणी आणि बॅकग्राउंड अशी न होता आठवण आणि अनोळखी अशी झालेली आवडेल. वनवासाला निघतानाच्या सीनला काहीतरी असं की ज्याची ओळख पटतेय पण नाव सांगता येत नाहीये, आणि लंकेला मात्र असा आवाज की जो आपण कधीच ऐकलेला नाही, जसा ‘ड्यून’मधल्या खलनायक हार्कोनेन लोकांना दिलाय तसा, अंगावर काटा आणणारा. ह्यावर मित्राचं म्हणणं, "म्हणजे लंकेत ब्रॅम." असू दे. तिथे मी ब्रॅम चालवून घेईन.

भीती एकच. आपल्याकडे गाणी ताबडतोब येतात आणि बॅकग्राउंड स्कोअर एक तर येतच नाही किंवा आला तर कधीतरी वर्षभराने, तोही अर्धामुर्धा. मग बिचारे फॅन सिनेमातूनच तुकडे कापतात, मागे डायलॉग, तलवारींचा खणखणाट, कोणाचं तरी रडणं, आणि त्याच्याखाली कुठेतरी व्हायोलिन. कित्येक उत्तम बीजीएम (बॅकग्राउंड म्युझिक) आपल्याला आजही अशाच चिखलातून ऐकावे लागतात. ह्या वेळी तरी तसं करू नका. गाण्यांचा अल्बम काढा, हरकत नाही, पण स्कोअरचा वेगळा काढा, पूर्ण काढा, सिनेमात आहे त्या क्रमाने, आणि प्रत्येक ट्रॅकखाली कोणी लिहिला, कोणी वाजवला, कुठे रेकॉर्ड झाला हे छापा. आणि कळसाचा ट्रॅक बोनस डाउनलोडमध्ये टाकू नका, हात जोडते.